नवी बंदूक घेतलेल्या आपल्या माणसाला एकटं सोडू नका

अमेरिकेत राहणाऱ्या अनुभवी मराठी नेमबाजांना, शिकाऱ्यांना आणि बंदूकधारकांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नाहीत, पण मी तुम्हाला बघितलेलं आहे. रेंजवर शेजारच्या लेनमधून "अरे बापरे" ऐकू येतं आणि माझी मान आपोआप वळते. पार्किंगमध्ये मागच्या काचेवर गणपती चिकटवलेली गाडी दिसते. तुमच्यातले काही नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात जातात, काही शनिवारी मातीच्या तबकड्या फोडतात, काहींचा हात तर कॉलेजात असतानाच एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलवर बसलेला आहे. वीस-वीस वर्षं बंदूक बाळगूनही ज्यांच्या हातून एकदाही हयगय झाली नाही, अशी माणसं तुमच्यात आहेत. आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात यातलं एक अक्षरही तुम्ही बोलत नाही.

का बोलत नाही, ते मला कळतं. जेवणाच्या रांगेत "माझ्याकडे पिस्तूल आहे" म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मुलांच्या मित्रांचे आईवडील मुलांना आपल्याकडे पाठवेनासे होतात. एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आठवडाभर तोंड उघडायची सोय नसते, आणि अशा बातम्या या देशात वारंवार येतात. लोक काय म्हणतील, ही भीती इथे आल्यावर कमी झालेली नाही. मीही सहा वर्षं गप्पच होते. पण आपण गप्प राहतो त्याची किंमत नवखी माणसं मोजतात, हे आता मला सहन होत नाही, म्हणून हे उघड पत्र.

माझं सांगते. २०२० च्या जूनमध्ये मी पहिलं पिस्तूल घेतलं. सोन्यासाठी भारतीय घरं हेरून आमच्या भागात घरफोड्या झाल्या होत्या, त्यातली एक आमच्याच गल्लीत. नवऱ्याची रात्रपाळी असायची. दुकानाबाहेर दीड तास रांगेत उभी राहिले. काउंटरवरचा माणूस माझ्या नवऱ्याशी बोलत राहिला. पिस्तूल माझ्या नावावर, खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म मी भरलेला, पैसे माझ्या कार्डावरून जाणार, आणि उत्तरं मात्र नवऱ्याला. मी विचारलं, याला सेफ्टी कुठे आहे? तो हसला आणि त्याने दुकानातलं सगळ्यात छोटं पिस्तूल माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, हे तुमच्या पर्समध्ये मावेल. मी ते घेतलं, कारण दुसरा प्रश्न विचारायची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात एकटी रेंजवर गेले. मोठ्या गळ्याचा टॉप घालून गेले, कारण तसा घालू नये हे सांगणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या गोळीला तापलेली रिकामी पुंगळी उडून गळ्यातून आत गेली. मी किंचाळून वळले, हातात भरलेलं पिस्तूल तसंच. रेंजवरचा माणूस माझ्यावर ओरडला. त्याचं ओरडणं बरोबरच होतं, माझ्या पिस्तुलाची नळी क्षणभर शेजारच्या लेनकडे वळली होती. पण ओरडून झाल्यावर, नेमकं काय झालं आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे सांगायला तो थांबला नाही. आजूबाजूचे चार जण माझ्याकडे बघून पुन्हा आपापल्या निशाणाकडे वळले. मी सामान आवरून निघाले. पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं, काडतुसांची डबी त्याच कपाटाच्या खणात. चार महिने मी त्याला हात लावला नाही. कपाटाला कुलूप नव्हतं. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. हे वाक्य लिहिताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा धीर करून गेले. त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये साठीच्या एक बाई होत्या, निवृत्त नर्स. माझी पकड बघत होत्या. मी मॅगझिन रिकामं करून पिस्तूल खाली ठेवेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "मी काही दाखवलं तर चालेल का, की तुला एकटीनेच सराव करायचाय?" मला आधी विचारलं, हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझं पिस्तूल बाजूला ठेवलं आणि स्वतःचं, छोट्या गोळीचं आणि कमी झटक्याचं पॉइंट टू-टू पिस्तूल माझ्या हातात दिलं. मॅगझिनमध्ये एकच काडतूस. ती गोळी झाडली, मग पुन्हा एक. तासाभराने हात धूत असताना सहज विचारावं तसं म्हणाल्या, "घरी कुठे ठेवतेस?" मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्वतः पहिल्या वर्षी कुठे ठेवत होत्या ते सांगितलं, आणि बोटांनी आकडे दाबून अंधारातही उघडता येणारी छोटी तिजोरी कशी असते ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तिजोरी माझ्या घरात होती. त्या ओरडल्या असत्या तर मी खोटं बोलले असते. मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आहे. माणसाला लाज वाटली की तो प्रश्न विचारायचं थांबवतो, आणि बंदुकीच्या बाबतीत न विचारलेला प्रश्न घरात भरलेला पडून राहतो.

मी काही अपवाद नव्हते. वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख प्रौढ अमेरिकन माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. त्यांतल्या ५४ लाखांच्या घरात त्याआधी बंदूकच नव्हती. म्हणजे सांगायला बाप नाही, काका नाही, लहानपणी बघितलेलं काही नाही. या नव्या मालकांमध्ये जवळपास निम्म्या बायका होत्या, सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय आणि सुमारे २० टक्के हिस्पॅनिक. काउंटरमागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक म्हणून जो चेहरा असतो, तो यातल्या बहुतेकांचा नव्हता. आपल्या माणसाची तर दोन्हीकडून कोंडी होते. रेंजवर तो आपल्या उच्चारांमुळे आणि चेहऱ्यामुळे परका, आणि मंडळात तो बोलूच शकत नाही. मग तो रात्री मुलं झोपल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतो. व्हिडिओ पाहणाऱ्याचं बोट कुठे आहे, हे व्हिडिओला दिसत नाही.

आपल्याकडे तालमीत नवा पोरगा आला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी पट्टीच्या पैलवानासमोर उभा करत नाही. आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, पडायचं कसं ते शिकवतो. आणि त्या पोरावर कुणी हसलं तर हसणाऱ्याला वस्ताद बाहेर काढतो. हे आपल्या रक्तात आहे. इथल्या बंदूकधारकांची सगळ्यात मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १८७१ मध्ये विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली, तीही शिकवण्यासाठीच. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी फार कच्ची होती, ती सुधारावी म्हणून. पुढे त्या संघटनेचं राजकारण किती वाढलं, ते आपण सगळ्यांनी बघितलं. पण मुळात काम होतं ते जाणत्याने नवख्याला शिकवण्याचं.

ज्यांना जुन्या क्लबांमध्ये आपली जागा दिसली नाही, त्यांनी आपापल्या जागा केल्या. समलिंगी आणि ट्रान्स माणसांसाठी २००० मध्ये 'पिंक पिस्टल्स' सुरू झालं. टेक्सासमध्ये २०११ मध्ये 'अ गर्ल अँड अ गन' नावाची बायकांची लीग सुरू झाली. २०१५ मध्ये कृष्णवर्णीय बंदूकधारकांची राष्ट्रीय संघटना आली. मी तुम्हाला आणखी एक संघटना काढा असं म्हणत नाही. अध्यक्ष, खजिनदार, घटना, वर्गणी यांत वर्ष निघून जातं आणि तोवर कुणीतरी कपाटाच्या फळीवर पिस्तूल ठेवून बसलेलं असतं. मला प्रत्येक गावात फक्त दोन-तीन माणसं हवी आहेत, ज्यांचा नंबर नव्या माणसाकडे असेल आणि जी रात्री दहालासुद्धा फोन उचलतील.

आता काही गोष्टी तुमच्याशी स्पष्ट बोलते. तुम्हाला माहीत असलेल्याच आहेत. पण माहीत असूनही आपण नव्या माणसाशी कसे वागतो, ते मी रेंज सेफ्टी ऑफिसर म्हणून, म्हणजे रेंजवर सुरक्षिततेची जबाबदारी सांभाळताना, दर आठवड्याला बघते.

पहिली गोष्ट, बायकांना छोटं पिस्तूल देणं बंद करा. ते हलकं असतं, म्हणूनच हाताला जास्त झटका देतं, कारण गोळीचा उलटा धक्का शोषून घ्यायला त्याच्यात वजन नसतं. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागा मिळत नाही. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर कमी, त्यामुळे धरण्यातली केसभर चूक कागदावर वितभर दिसते. स्प्रिंग बहुधा जास्त कडक असते, त्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढवत नाही, आणि मग तिला सांगतात की तुझ्या मनगटात जोर नाही, तू रिव्हॉल्व्हर घे. रिव्हॉल्व्हरचा लांब, जड ट्रिगर ओढताना नेम हलतो, मग म्हणतात तुला जमत नाही. जमत सगळं असतं. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळी निशाणाकडेच ठेवायची, एका हाताच्या चारही बोटांनी स्लाइड वरून मुठीत धरायची आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. सत्तर वर्षांच्या, संधिवात असलेल्या बाईला मी हे पाच मिनिटांत शिकवलेलं आहे. मधल्या आकाराचं, दोन्ही हात नीट बसतील असं पिस्तूल भाड्याने घेऊन तीन-चार वेळा चालवून बघू दे तिला. नंतर घेईल, किंवा नाही घेणार.

दुसरी गोष्ट आणखी चीड आणणारी आहे. पाहुणा किंवा नवीन मित्र आला की त्याच्या हातात जबर झटका देणारं मोठं मॅग्नम पिस्तूल द्यायचं, काय होणार ते सांगायचं नाही, आणि तो मागे फेकला गेला की त्याचा व्हिडिओ काढायचा. हे मी आपल्या लोकांनाही करताना बघितलं आहे. त्या माणसाच्या हातात त्या क्षणी आणखी काडतुसं भरलेली बंदूक असते आणि तिच्यावरचा त्याचा ताबा गेलेला असतो. यात हसण्यासारखं काय आहे? मी माझ्या लेनवर असं कुणी केलं तर त्याला त्या दिवशी परत बंदूक धरू देत नाही, मग तो कितीही जुना सभासद असो.

नव्या माणसाचा पहिला दिवस कसा असावा, हे मला त्या नर्सबाईंनी दाखवलं आणि मी तेच करते. आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी, रेंज शांत असताना बोलवायचं. आदल्या दिवशी निरोप पाठवायचा, की गळाबंद टीशर्ट, पुढे झाप असलेली टोपी आणि बंद बूट घालून ये, आणि पुंगळी अंगावर पडली तर आधी पिस्तूल खाली ठेवायचं, मग काय हवं ते करायचं. बंद जागेत कानात बोळे आणि त्यावर कानटोप, दोन्ही. नेमबाजी शिकवणाऱ्या जेफ कूपरने घालून दिलेले सुरक्षिततेचे चार नियम रेंजच्या बाहेर, शांत खोलीत, रिकाम्या हातांनी आधी बोलून घ्यायचे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही. साइट निशाणावर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते ठाऊक असायला हवं. गोळ्यांच्या आवाजात सांगितलेलं अर्धं ऐकूच येत नाही. निशाण पाच यार्डांवर लावायचं, जवळ वाटलं तरी. पहिल्या गोळीनंतर काहींना रडू येतं, काहींचे हात थरथरतात. त्याला "होतं असं" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढे झाडायचं की नाही, ते त्याने ठरवायचं. निघताना साबणाने, गार पाण्याने हात धुवायला लावायचे, शिसं हातावर राहतं म्हणून.

तिसरी गोष्ट कायद्याची आहे, आणि इथे आपल्याच माणसांना फार मोठा धोका आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक घेता येते. पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, हंटिंग लायसन्ससारखे ठरावीक अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतुसं ताब्यात बाळगायलाही मनाई आहे. विकत घेणं लांबच राहिलं, रेंजवर भाड्याने हातात घेणंसुद्धा यात येऊ शकतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे रेहाइफ नावाच्या परदेशी विद्यार्थ्याचा खटला आला होता. विद्यापीठातून नाव कमी झाल्यामुळे त्याचा इथे राहण्याचा हक्क संपलेला होता, आणि तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला, एवढ्यावर त्याला शिक्षा झाली होती. आपला कायदेशीर दर्जा त्याला माहीत होता हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं. पण तिथपर्यंत जायची वेळ कुणावर का यावी? मी अशा नवऱ्यांना भेटले आहे जे स्वतः नागरिक झालेत, बायको अजून व्हिसावर आहे, आणि तिजोरीचा आकडा दोघांना ठाऊक आहे. गावाहून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या वडिलांना हौसेने रेंजवर नेऊन फोटो काढणारेही आहेत. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही या सगळ्या व्हिसांमधून गेलेले आहात. दुकानातल्या माणसाला हे सुचणार नाही, तुम्हाला सुचेल. सांगा, आणि शंका असेल तर वकिलाकडे पाठवा.

राज्याराज्यांतला फरकही असाच. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. तोच माणूस नोकरी बदलून न्यू जर्सीला गेला तर तिथे प्रत्येक पिस्तुलाला वेगळा खरेदी-परवाना लागतो, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बेकायदा आहे. सामानाच्या ट्रकमध्ये बाकी सगळ्याबरोबर तेही गेलेलं असतं. आपली माणसं नोकरीसाठी दर तीन वर्षांनी राज्य बदलतात. कुणी निघाल्याचं कळलं की, निरोपाच्या जेवणाआधी एवढं विचाराच.

घराबद्दल थोडं. आपल्या घरांत माणसं येतात. गणपती, कोजागिरी, वाढदिवस, चाळीस-पन्नास माणसं सहज. हिवाळ्यात सगळ्यांचे कोट मोठ्या बेडरूममधल्या पलंगावर पडतात आणि मुलं घरभर लपाछपी खेळतात. लपायला सगळ्यात चांगली जागा कोणती? मोठ्या माणसांचं कपाट. आपल्या मुलाला आपण समजावलेलं असतं, पण त्या दिवशी घरात दुसऱ्यांची पंधरा मुलं असतात. म्हणून बंदूक तिजोरीत किंवा कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना माहीत असलेल्या नेहमीच्या खुंटीवर नाही. परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलाबरोबर कुलूप दिलंच पाहिजे असा फेडरल कायदा आहे. ते कुलूप पुष्कळ घरांत खोक्यातच पडून असतं. कसं लावायचं ते नव्या माणसाला हातात घेऊन दाखवा. आणि खंडेनवमीला पूजेत शस्त्र ठेवायची काहींची प्रथा असते, मला ती प्रिय आहे. पण पूजेत पिस्तूल ठेवायचं तर मॅगझिन बाहेर, स्लाइड उघडी, गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याचं दोन माणसांनी डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि आरती झाली की परत तिजोरीत. जुन्याजाणत्यांनी हे एकदा करून दाखवलं की पुढची पिढी तसंच करेल.

आता जे बोलायला सगळ्यात जड जातं ते. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी पिस्तूल घेतलं त्यांच्यातला आत्महत्येचा धोका पहिली खरेदी केल्यानंतर लगेच सगळ्यात जास्त होता. म्हणजे ज्या दिवसांत आपण नव्या मालकाला सर्वांत एकटं सोडतो, तेच दिवस. आणि बंदुकीने झालेल्या त्यांच्या आत्महत्यांपैकी अर्ध्याहून जास्त एक वर्ष उलटून गेल्यावरच्या होत्या. त्यामुळे एकदा रेंजवर नेऊन आणलं, काम झालं, असंही नाही.

यावर पहिलं पाऊल बंदूकवाल्यांनीच उचललेलं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्याच्या आत तीन अनोळखी माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि तिघांनीही आपला जीव घेतला. त्या दुकानाच्या मालकाने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांबरोबर बसून, गिऱ्हाईक विवंचनेत आहे हे कसं ओळखावं आणि विक्री कशी थांबवावी, याचं मार्गदर्शन त्याने इतर दुकानदारांसाठी तयार करायला मदत केली. पुढे इतर राज्यांनीही ते उचललं. काउंटरमागचा माणूस हे करू शकतो, तर मंडळात रोज भेटणारे आपण का नाही? कुणाची नोकरी गेली, घर मोडलं, आई तिकडे वारली आणि व्हिसामुळे जाता आलं नाही, हे आपल्याला दुकानदाराच्या आधी कळतं. अशा वेळी फोन करा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. आणि "तुझं पिस्तूल काही दिवस माझ्या तिजोरीत ठेवूया का?" हेही विचारा. दुसऱ्याकडे ठेवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, काही ठिकाणी दुकानं किंवा पोलीस ठेवून घेतात. ते आधीच शोधून ठेवा, त्या रात्री शोधत बसू नका. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर कुठल्याही वेळी माणूस बोलतो, हा नंबर प्रत्येक नव्या मालकाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी घालून द्या.

राजकारणाबद्दल एवढंच, की नव्या माणसाची परीक्षा घेऊ नका. तो कुणाला मत देतो, बंदूक बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल त्याचं काय म्हणणं आहे, कायदे कडक हवेत की सैल, हे त्याचं त्याच्याकडे. माझी स्वतःची मतं तुमच्यातल्या अनेकांना पटणार नाहीत. माझी आवडती विद्यार्थिनी मला प्रत्येक निवडणुकीत विरोध करते आणि तिची पकड आता माझ्यापेक्षा चांगली आहे. कुणी स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्यपदक बघून रायफलकडे वळलाय, कुणी भीतीपोटी आलाय, कुणी सासऱ्यांबरोबर शिकारीला जाता यावं म्हणून. सगळ्यांची कारणं खरी आहेत.

आणि जो विचारपूस करून बंदूक न घ्यायचं ठरवतो, त्याचंही स्वागत तितकंच करा. मागच्या वर्षी एक तरुण जोडपं तीन वेळा आलं, सगळं शिकलं, आणि घरात आजारी भाऊ आहे म्हणून नको असं ठरवून दाराला चांगलं कुलूप, दिवे आणि कुत्रा घेऊन आलं. मला त्यांचा अभिमान वाटतो. ज्याने आधी घेतली आणि आता विकायची आहे, त्यालाही वाट दाखवणारं कुणीतरी हवं. त्यालाही तितकीच लाज वाटत असते.

मंडळाच्या पुढच्या सभेत उभं राहून जाहीर करा, असं मी म्हणत नाही. ज्यांना तुम्ही विश्वासाचे मानता अशा चार माणसांना फक्त एवढं कळू द्या, की "कुणी बंदूक घेतली, घ्यायचा विचार करतंय, किंवा घेऊन घाबरलंय, तर माझ्याकडे पाठव." तेवढ्याने माणसं येतात. मी गेल्या वर्षी माझ्या दोन मैत्रिणींना हे सांगितलं आणि तेव्हापासून अकरा जण आले. त्यातल्या सात जणांकडे बंदूक आधीच होती, आणि सातपैकी पाच जणांच्या घरी ती कुलपात नव्हती. आता आहे.

येत्या बुधवारी सकाळी नऊला दोघं बहीण-भाऊ येणार आहेत. तिने गेल्या महिन्यात पिस्तूल घेतलं आणि खोकं अजून उघडलेलं नाही. तो नुकताच नागरिक झालाय आणि त्याला अजून घ्यायचं की नाही ते ठरवायचं आहे. दोघांना गळाबंद टीशर्टचा निरोप गेलेला आहे. पण नव्या माणसाच्या शेजारी एक माणूस लागतो, आणि मी एकटी दोन लेनवर उभी राहू शकत नाही. तुमच्यातलं कुणी जवळपास असेल तर या. कानटोपांचा एक जादा जोड सोबत असू द्या.

आपली,
एक मराठी रेंज सेफ्टी ऑफिसर